पाळकसाहेब, आमच्या घरातल्या प्रार्थनेकडे लक्ष द्या

विदर्भातल्या ग्रामीण मंडळ्यांचे पाळक, पंच आणि पास्टोरेट कमिटीचे, म्हणजे पाळकाच्या हाताखालच्या मंडळ्यांचा कारभार पाहणाऱ्या समितीचे सभासद यांना,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून हे पत्र लिहिते आहे. आमचं कोरडवाहू वावर आहे, कापूस-तूर आणि थोडं सोयाबीन होतं. गावातली रविवारची शाळा मी घेते. ख्रिस्ती घरं मोजकीच आहेत. पाळकसाहेबांकडे अशी बरीच गावं असल्याने उपासना दर रविवारी होत नाही. ते येत नाहीत तेव्हा पंच वचन वाचतात, आणि वेचणीच्या दिवसांत तेही वावरात असतात. याबद्दल माझी तक्रार नाही. एका माणसाने मोटारसायकलवर किती गावं करायची, हे आम्हाला दिसतं.

माझं म्हणणं वेगळं आहे. आमच्या मुलांचा विश्वास आता घरात घडतो, नाहीतर घडतच नाही. आणि त्या घरासाठी मंडळी म्हणून आपण जवळजवळ काहीच करत नाही. वार्षिक सभेत हिशेब वाचला जातो तेव्हा कुंपण येतं, रंगरंगोटी येते, साउंड सिस्टीम येते, नाताळ आणि कन्व्हेन्शनचा मंडप येतो. घरात प्रार्थना कशी करावी हे मायबापांना शिकवण्यासाठी ठेवलेला एक रुपया मी त्या हिशेबात कधी ऐकला नाही.

हे कोणाच्या वाईटपणामुळे झालं असं मी म्हणत नाही. आपल्याकडची मंडळी उभीच तशी राहिली. 1845 मध्ये स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले आणि त्यांनी शाळा काढली. तेव्हापासून शाळा हे कामाचं मोठं अंग राहिलं. पुढे 1896-97 आणि 1899-1900 या दुष्काळांत वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मेली. ठिकठिकाणच्या मिशनांनी पोरक्या मुलांना आसरा दिला. आज ख्रिस्ती असलेल्या कितीतरी घराण्यांचा पहिला माणूस असाच पोरका होऊन तिथे वाढला. त्याला प्रार्थना मायबापांनी शिकवली नाही, घंटेने शिकवली. उठायची घंटा, भक्तीची घंटा, जेवायची घंटा. नंतरच्या पिढ्यांना बोर्डिंग आणि मिशन कंपाउंड मिळालं, तिथेही तेच. ती शिस्त मोलाची होती, तिच्यावरच आम्ही आजवर तगलो. पण ती संस्थेची होती. बोर्डिंग ओस पडली, कंपाउंडातली माणसं नोकरीसाठी पांगली, पाळक घडवणारी यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरीसुद्धा 1983 मध्ये पुण्याला गेली. आणि घरात काय करायचं, हे घराला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

आमच्या सासूबाई बोर्डिंगमध्ये शिकल्या. त्यांना पवित्र शास्त्रातलं तेविसावं, एक्क्याण्णवावं आणि एकशेएकविसावं स्तोत्र तोंडपाठ आहे. भाकरी थापताना म्हणतात. माझ्या नवऱ्याला तेविसावं अर्धं येतं. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांना त्यातली पहिली ओळ तेवढी येते, कारण ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेली आहे. तीन पिढ्यांत एवढं ओसरलं. चौथ्या पिढीत काय उरेल, हा माझ्या काळजीचा विषय आहे आणि तो तुमच्याही काळजीचा असायला हवा.

पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना सांगतो की देवाची वचनं मुलाबाळांच्या मनावर बिंबवा, घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता त्यांविषयी बोला. तिथे इमारत नाही, व्यासपीठ नाही, ठरलेला उपदेशक नाही. आमच्यासारख्या घरांना हे तंतोतंत लागू पडतं. आमची मुलं आमच्याबरोबर वाटेने चालतातच, वावरात जाताना, पाण्याला जाताना, एसटीच्या थांब्यावर जाताना. प्रश्न इतकाच की त्या वाटेवर काय बोलायचं हे मायबापांना कोणी सांगतं का.

आता तुमच्या उपदेशातल्या एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलू द्या. 'बाप हा घराचा याजक' हे आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की बाप बसला नाही तर घरात प्रार्थनाच होत नाही. बाया वाट पाहतात. पण खेड्यातल्या बापाचं वेळापत्रक कोणी पाहिलं आहे का? रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर शेतीची लाईन कित्येकदा रात्रीची असते, माणूस टॉर्च आणि काठी घेऊन जेवून निघतो तो पहाटे येतो. कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला कामावर आहे. कोणी पितो, आणि हे सांगायला कोणालाच लाज वाटू नये इतकी ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. काही घरांत बाप उरलाच नाही. अशा घरांनी काय करायचं?

आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल तीमथ्याच्या विश्वासाचं मूळ सांगतो तेव्हा दोन बायांची नावं घेतो, आजी लोईस आणि आई युनीके. बापाचं नाव येत नाही. तो ग्रीक होता एवढंच प्रेषितांच्या कृत्यांत कळतं. म्हणजे ज्या घरात बाप विश्वासात नव्हता, त्या घरातून मंडळीचा एक मोठा सेवक निघाला, आजीच्या आणि मायच्या हातून. हा उतारा तुम्ही मातृदिनाच्या रविवारी वाचता. तो वर्षभर वाचा, बापांसमोर वाचा. आणि ज्या घरात बाप बसतो तिथे त्यानेच प्रार्थना चालवावी, पण तो नसेल तर माय चालवेल, माय नसेल तर आजी, कोणीच नसेल तर मोठी बहीण, हे मंडळीसमोर उभं राहून सांगा. तुमच्या तोंडून ते आलं की बायांना बळ येईल. मी सांगितलं तर त्या म्हणतात, ‘ताई, साहेब काय म्हणतील?’

आमच्या गावात एक बाई आहे, तिचा नवरा ओलिताला रात्रीचा जातो. संध्याकाळी सगळे एकत्र बसणं तिला जमत नाही. ती सकाळी करते. मुलं शाळेत निघाली की दारातच त्यांना थांबवते, हाताला पीठ असेल तर पदराला पुसते, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून ‘गणना’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद म्हणते, ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो.’ तिघांना मिळून एक मिनिट लागत नसेल. मोठा मुलगा नववीत आहे, रस्त्यावर मित्र उभे असतात, त्याला लाज वाटते. तरी तो डोकं पुढे करतो. मी हे अनेकदा पाहिलं आहे. त्या मुलाला उद्या कोणी विचारलं की ख्रिस्ती असणं म्हणजे काय, तर तो आधी हेच सांगेल असं मला वाटतं.

कोणाच्या घरी तास तासभर भक्ती होत असेल तर आनंदच आहे. पण दिवसभर निंदण करून आलेल्या बाईला, ‘गीत, वाचन, मनन, विनंत्या, उपकारस्तुती’ असा पूर्ण कार्यक्रम दिला की ती दोन दिवस करते, तिसऱ्या दिवशी झोपते, आणि मग आपण देवाचे अपराधी आहोत या भावनेने सगळंच सोडून देते. तिला सांगा की एक ओळ आणि आमेन एवढंही देवाला चालतं. प्रभूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना किती लहान आहे! ती हळू म्हटली तरी भात उतू जायच्या आत होते.

मुलांच्या प्रार्थनेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ते माझं काम आहे. माझ्या वर्गात एका मुलाने एकदा प्रार्थना केली, ‘देवा, आमच्या गोऱ्ह्याचा पाय नीट कर. अन् बाबाले पिऊ नको देऊ.’ एवढंच. खाली बसला. त्या दिवशी एक वडीलधारे आले होते, ते म्हणाले, ‘बाळ, असं नाही म्हणायचं. आधी म्हणावं, हे दयाळू व कृपाळू स्वर्गीय पित्या.’ ते माणूस चांगले आहेत, त्यांचा हेतूही चांगला होता. पण तो मुलगा त्यानंतर वर्गात प्रार्थना करत नाही. विचारलं की मान हलवतो. स्तोत्रसंहिता उघडून पाहा, कितीतरी स्तोत्रं अशाच हाकांनी भरलेली आहेत. लंगडणाऱ्या गोऱ्ह्याबद्दल देवाशी बोलता येतं हे ज्या मुलाला लहानपणी कळलं, तो पुढे कर्जाबद्दल, बायकोच्या आजाराबद्दल, स्वतःच्या रागाबद्दलही बोलेल. ज्याला देवाशी बोलायला पुस्तकी मराठी लागते, तो ती मराठी येत नाही म्हणून गप्प बसेल. आमच्याकडे कोलामी बोलणारी घरं आहेत, मेळघाटात कोरकू बोलणारी आहेत, बाकीच्यांची वऱ्हाडी. ज्या बोलीत पोरगं मायला भूक लागली म्हणून सांगतं, त्याच बोलीत त्याने देवाला सांगू द्या.

मुलं प्रश्नही विचारतात आणि त्यांची उत्तरं घराकडे नसतात. दरवर्षी पोळ्याच्या आठवड्यात मला एक प्रश्न येतो, ‘ताई, आपण बैलाची शिंगं रंगवायची का?’ वर्गातल्या सगळ्या मित्रांच्या घरी बैल सजतो, तान्हा पोळ्याला लाकडी बैल ओढत पोरं गावभर फिरतात, आणि आमचं पोरगं दारात उभं राहून पाहतं. एक पाळक सांगतात चालेल, दुसरे सांगतात पाप आहे. मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपला धर्म म्हणजे काय काय करायचं नाही याची यादी. माझं मत मी मांडते, तुम्हाला पटलं नाही तर मला समजावून सांगा. पूजा आपण करत नाही, हे मुलांना सरळ सांगावं, का तेही सांगावं. पण बैलाला न्हाऊ घालणं, त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळणं, त्या दिवशी त्याला जू न लावणं आणि तो दिल्याबद्दल देवाचे आभार मानणं यात मला काही वावगं दिसत नाही. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात विसाव्याची आज्ञा आहे, तिच्यात बैलाचं आणि गाढवाचं नाव घेऊन त्यांच्याही विश्रांतीची सोय केली आहे. हा उतारा बापाने गोठ्यात उभं राहून पोराला वाचून दाखवला, तर त्या पोराला दारात उभं राहून पाहायची वेळ येणार नाही. भुलाबाईच्या गाण्यांना मुलींनी जावं का, शेजारच्या घरचा प्रसाद आला तर काय म्हणावं, हेही असेच प्रश्न आहेत. शेजाऱ्याचा मान राखून आपला विश्वास कसा जपायचा, हे खेड्यातलं ख्रिस्ती घर रोज करतं. त्याला मदत मात्र कोणाची नाही.

पीकपाण्याचं वर्ष आणि मंडळीचं वर्ष ही आमच्या घरात एकत्रच नांदतात, तुमच्या उपदेशात मात्र ती क्वचितच भेटतात. नाताळ येतो तेव्हा वेचणी चालू असते, बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे असतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात हरभरा आणि गहू निघतो. पेंटेकॉस्ट होऊन जातो न जातो तोच मिरगाची वाट सुरू होते. आमच्याकडे काही घरं पेरणीच्या आदल्या रात्री कापसाच्या बियाण्याची पाकिटं मधोमध ठेवतात, पावणेपाचशे ग्रॅमचं एकेक पाकीट, त्यांवर घरातले सगळे हात ठेवतात आणि एकशेसव्विसावं स्तोत्र वाचतात, रडत पेरणाऱ्यांनी आनंदाने कापणी करण्याचं. लहान पोरांना त्यात फार गोडी असते, पाकिटावर हात पुरावा म्हणून ढकलाढकली करतात. हे कोणत्याही पुस्तकात दिलेलं नाही, घरांनीच सुरू केलं. साहेब, अशा गोष्टी एका गावातून दुसऱ्या गावाला सांगणं हे तुमचं काम आहे. तुम्हीच एवढी गावं फिरता.

प्रार्थना आणि वागणूक यांत अंतर पडलं की ते सगळ्यात आधी मुलाला दिसतं. निंदायला आलेल्या बायांची मजुरी थकवून संध्याकाळी मोठ्याने भक्ती करणारं घर असेल तर त्या भक्तीतून मूल काय शिकेल? ‘लेवीय’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नका असं आहे, आणि त्याच अध्यायात कापणीनंतरचा सरवा गरिबांसाठी सोडायला सांगितलं आहे. तूर सोंगून झाली की आजही आमच्या वावरात म्हाताऱ्या बाया सरवा वेचायला येतात. त्यांना हाकलायचं की बसायला सांगून पाणी द्यायचं, ही घरची उपासनाच आहे. पवित्र शास्त्रातल्या, सरवा वेचणाऱ्या रूथची गोष्ट मी मुलांना नेहमी तूर निघते त्या दिवसांत सांगते. समजावून सांगावं लागत नाही, त्यांनी ती बाई पाहिलेली असते.

आणि दुःख. यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे आणि सर्वांत कमी शब्द आहेत. 2017 साली बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली. त्याच साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. त्या महिन्यांतसुद्धा घरोघरच्या प्रार्थना ‘आजचा सुंदर दिवस दाखवलास म्हणून आभार’ अशाच सुरू होत होत्या, कारण प्रार्थना अशीच सुरू करायची असते असं आम्हाला शिकवलं आहे. देवाला ‘किती काळ मला विसरशील’ असं विचारणारं तेरावं स्तोत्र पवित्र शास्त्रातच आहे, पण ते घरात म्हणायला चालतं हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. नापिकीने, सावकाराच्या तगाद्याने खचलेला बाप घरात मोठ्याने ‘देवा, आता सोसवत नाही’ म्हणू शकला, आणि बायको-पोरांनी ते ऐकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर ते ओझं त्या एकट्याचं राहत नाही. प्रार्थनेने कर्ज फिटतं असं मी म्हणत नाही. कर्जासाठी बँक, सरकार, भाव, सिंचन यांच्याशी लढावं लागतं आणि मंडळीने त्यातही उतरावं. पण माणूस एकटा पडू नये ही गोष्ट घराच्या हातातली आहे. आणि ज्या घरात कोणी जीव दिला असेल, त्या घरी जाऊन पापाचा हिशेब मांडू नका. तिथे मुलं बसलेली असतात. बापाबद्दल मंडळी काय बोलली हे ती आयुष्यभर विसरत नाहीत.

मोबाईलचं थोडक्यात. रोज सकाळी ग्रुपवर वचनाचं चित्र येतं, रात्री कोणाचा तरी उपदेश यूट्यूबवर चालू असतो. वाईट नाही. पण घरातली चार माणसं चार फोनवर चार उपदेश ऐकत असतील तर त्याला घरची भक्ती म्हणू नये. गाण्यांचंही तसंच. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी अभंग-भजनांची चाल मराठी मंडळीत रुजवली. आमच्या म्हाताऱ्यांना ती भजनं टाळावर येतात, त्यांना पेटीही लागत नाही. मुलांना कीबोर्डवरची हिंदी गाणी येतात. आठवड्यातून एक दिवस आजीने गावं आणि नातवाने टाळ धरावा, एवढं तरी घराघरांत होऊ शकतं.

आपल्या मातीत हे अशक्य नाही. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला आमच्या आजूबाजूच्या गावांत संध्याकाळी ठरलेल्या वेळी शेतकरी, मजूर, पोरंसोरं येऊन बसतात. थकलेला माणूसही रोज थोडा वेळ देवापुढे बसतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो.

म्हणून माझी मागणी. घरभेटीला याल तेव्हा वर्गणीची वही मागाहून काढा, आधी घरातल्या लहानातल्या लहान मुलाशी बोला आणि त्या घरी प्रार्थना कशी चालते ते विचारा, दटावण्यासाठी नाही, मदत करण्यासाठी. दृढीकरणाच्या, म्हणजे कन्फर्मेशनच्या वर्गात मुलांकडून प्रश्नोत्तरं पाठ करून घेता, त्याच आठवड्यात त्यांच्या मायबापांनाही एक संध्याकाळ बसवा. नवीन लग्न झालेल्या जोडप्यांना लग्नाच्या आधी घरच्या प्रार्थनेबद्दल बोला. मुलगी दुसऱ्या मंडळीतून आली असेल, कॅथलिक घरची असेल, अलायन्स मिशनच्या मंडळीची असेल, तर तिच्या जपमाळेची किंवा तिच्या गीतांची घरात थट्टा होऊ देऊ नका. 29 नोव्हेंबर 1970 ला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली ती आपल्याच नागपुरात. त्या एकीचा उल्लेख आपण अभिमानाने करतो, तर ती एका स्वयंपाकघरातल्या सासू-सुनेतही दिसली पाहिजे. पास्टोरेटच्या पुढच्या अंदाजपत्रकात घरगुती उपासनेसाठी रक्कम ठेवा. मोठी नको. मंडपाच्या खर्चातून थोडी कमी केली तरी पुरेल.

आणि एक ठरलेली वेळ सुचवते. मे महिन्यात वावरं रिकामी असतात, मुलांना सुट्या असतात, बाहेरगावी गेलेली माणसं परत आलेली असतात. मिरगाच्या आधी दोन दिवस आमच्या गावाला द्या. दुपारी आया-आज्यांना बसवू, रात्री जेवणं झाल्यावर बापांना. आजूबाजूच्या गावांतली घरंही बोलावू. जेवणाची आणि मुक्कामाची सोय आम्ही करू. तारीख एप्रिलच्या शेवटपर्यंत कळवली तर बरं होईल, म्हणजे लग्नं सोडून दिवस धरता येईल.

आपली विश्वासू,
रविवारच्या शाळेची एक शिक्षिका
जिल्हा यवतमाळ